परत बोलावलेली गाडी : इलेक्ट्रिक मोटारीची बॅटरी आणि मालकाचा हक्क

#थ्रेड

१/
जुलै २०२१. अमेरिकेतील हजारो मोटारमालकांना एक विलक्षण सूचना मिळाली : आपली गाडी गॅरेजमध्ये ठेवू नका, घरापासून दूर, उघड्यावर उभी करा आणि रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. सूचना देणारी होती खुद्द गाडी बनवणारी कंपनी, जनरल मोटर्स. गाडी होती शेव्हरोले बोल्ट, सामान्य माणसाला परवडावी म्हणून बनवलेली इलेक्ट्रिक मोटार. ही तिच्या बॅटरीची, तिच्या मालकांची आणि ‘रिकॉल’ या शब्दामागील पंचावन्न वर्षांच्या झगड्याची हकिकत.

२/
रिकॉल म्हणजे विकलेल्या वस्तूत धोकादायक दोष आढळल्यावर उत्पादकाने ती दुरुस्तीसाठी परत बोलावणे. आज ही गोष्ट स्वाभाविक वाटते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतही मोटार एकदा विकली गेली की तिचे बरेवाईट नशीब मालकाच्या माथी असे. अपघात झाला तर दोष चालकाचा किंवा रस्त्याचा धरला जाई. गाडीच्या रचनेकडे क्वचितच कोणी बोट दाखवी.

३/
हे चित्र पालटू लागले ते १९६५ साली. राल्फ नेडर या तरुण वकिलाने ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात त्याने एका गाडीच्या मागील चाकांच्या सदोष रचनेवर टीका केली होती. ती गाडीही शेव्हरोलेच होती : कॉर्वेअर. म्हणजे आपल्या कथेतील कंपनी या इतिहासाच्या अगदी आरंभापासून रंगमंचावर उभी आहे.

४/
जनरल मोटर्सने नेडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. ही गोष्ट उघडकीस आली आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. नेडरने खासगीपणाच्या भंगाबद्दल दावा लावला. १९७० साली कंपनीने ४,२५,००० डॉलर देऊन तो मिटवला. एका लेखकाला गप्प करण्याच्या या खटाटोपातून मोटार सुरक्षेच्या कायद्यालाच बळ मिळाले.

५/
९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मोटार सुरक्षा कायद्यावर सही केली. गाडीत सुरक्षेला बाधक दोष सापडला तर मालकाला कळवणे हे उत्पादकाचे कर्तव्य ठरले. मात्र कळवायचे एवढेच. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा, हे कायद्याने सांगितले नव्हते. दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे बंधन १९७४ च्या दुरुस्तीने आले. मालकाच्या पदरात हक्क पडले ते असे, एकेक करून.

६/
आता १९९६ मध्ये येऊ. कॅलिफोर्नियाने १९९० साली धूरविरहित गाड्यांचा नियम केला होता. त्या पार्श्वभूमीवर जनरल मोटर्सने ईव्ही१ ही देखणी, दोन आसनांची इलेक्ट्रिक मोटार रस्त्यावर आणली. १९९९ पर्यंत अशा सुमारे १,१०० गाड्या तयार झाल्या. पण एक अट होती : ही गाडी विकत मिळत नसे. ती केवळ भाडेकराराने, म्हणजे लीजवर दिली जाई. चालवणारा तिचा मालक कधीच होत नव्हता.

७/
मार्च २००० मध्ये कंपनीने पहिल्या पिढीतील सुमारे ४५० ईव्ही१ परत बोलावल्या. चार्जिंग पोर्टमधील एक घटक तापून पेट घेण्याची शक्यता होती. चार्जिंग चालू असताना एक गाडी जळून खाक झाली होती. धोका खरा होता, परत बोलावणेही योग्यच होते. परंतु नेहमीच्या रिकॉलमध्ये गाडी दुरुस्त होऊन दारात परत येते. इथे अनेकांच्या गाड्या परत आल्याच नाहीत. काहींना दुसऱ्या पिढीची गाडी मिळाली, काहींची जुनीच गाडी नव्या बॅटऱ्यांसह परत आली आणि उरलेल्यांचा करार संपला.

८/
२००३ मध्ये कंपनीने सारा प्रकल्पच गुंडाळला आणि उरलेल्या गाड्या परत घेतल्या. त्यांपैकी बहुतेक चिरडून नष्ट करण्यात आल्या. २००५ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील बरबँक येथे कंपनीच्या आवाराबाहेर काही चालक दिवसरात्र पहारा देत बसले. आत ७८ गाड्या उभ्या होत्या. प्रत्येकी २४,००० डॉलर, म्हणजे एकूण सुमारे १९ लाख डॉलर, रोख देऊन त्या विकत घेण्याची तयारी त्यांनी दाखवली. कंपनीने नकार दिला.

९/
या प्रसंगावर पुढे माहितीपट निघाला, पुष्कळ लिहिले गेले. गाडी का मारली गेली याविषयी अनेक तर्क झाले. पण कायद्याच्या दृष्टीने कारण सरळ होते. गाडी कंपनीची होती, म्हणून तिचे काय करायचे हे कंपनीने ठरवले. चालकांचे प्रेम, त्यांचे पैसे, त्यांचा पहारा यांना करारात कुठेच जागा नव्हती. पुढील कथा वाचताना हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

१०/
डिसेंबर २०१६ मध्ये बोल्टच्या पहिल्या गाड्या कॅलिफोर्नियातील ग्राहकांच्या हाती पडल्या. एका चार्जमध्ये ३८३ किलोमीटर, किंमत सुमारे ३७,५०० डॉलर, त्यातून ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत. लांब पल्ल्याची इलेक्ट्रिक गाडी तोवर श्रीमंतांचा शौक समजली जात होती. बोल्टने ती शिक्षक, परिचारिका, छोटे नोकरदार यांच्या आवाक्यात आणली. आणि या वेळी गाडी विकत मिळत होती.

११/
गाडीच्या तळाशी बसवलेली बॅटरी ६० किलोवॅट-तासांची होती. तिच्यात २८८ सेल होते, दक्षिण कोरियाच्या एलजी कंपनीने बनवलेले. प्रत्येक सेल म्हणजे चपटी, बंद पाकिटासारखी वस्तू. तिच्या आत धन आणि ऋण बाजूंचे पातळ थर एकमेकांवर रचलेले असतात आणि दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. तो पडदा शाबूत असेतो सारे ठीक. दोन्ही बाजू एकमेकींना भिडल्या की आतल्या आत शॉर्टसर्किट होते. सेल तापतो, त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो आणि आगीची साखळी सुरू होते.

१२/
ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने बोल्टची चौकशी आरंभली. उभ्या गाड्यांच्या मागील आसनाखालून आग लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. १३ नोव्हेंबर २०२० रोजी जनरल मोटर्सने २०१७ ते २०१९ या मॉडेल-वर्षांच्या सुमारे ६९,००० गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. संशय होता तो एलजीच्या ओचांग येथील कारखान्यात बनलेल्या बॅटऱ्यांवर.

१३/
पण दुरुस्ती काय करायची? ते कोणालाच ठाऊक नव्हते. आगी बहुधा पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण चार्ज झालेल्या गाड्यांना लागत होत्या. म्हणून चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवण्याचा तात्पुरता उपाय निघाला. सॉफ्टवेअर बदलून मिळेपर्यंत मालकांनी गाडीतील ‘हिलटॉप रिझर्व्ह’ ही सोय वापरावी असे सांगण्यात आले. टेकडीवर राहणाऱ्यांना उतारावर निर्माण होणारी वीज साठवता यावी म्हणून बॅटरी थोडी रिकामी ठेवणारी ती सोय होती. आता ती सपाट मैदानात राहणाऱ्यांनाही आगीपासून वाचण्यासाठी वापरावी लागली.

१४/
याच सुमारास ह्युंडाईच्या कोना या गाडीतही एलजीच्याच बॅटऱ्या पेट घेत होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्युंडाईने जगभरातील सुमारे ८२,००० वाहनांच्या बॅटऱ्या बदलून देण्याचा निर्णय घेतला. जनरल मोटर्सने मात्र वेगळी वाट धरली. एप्रिल २०२१ च्या अखेरीस तिने दोष ओळखणारे सॉफ्टवेअर आणले. ते बॅटरीवर लक्ष ठेवील, संशयास्पद भाग तेवढा बदलला जाईल आणि बाकीच्या गाड्या पुन्हा १०० टक्के चार्ज करता येतील, अशी ग्वाही देण्यात आली.

१५/
ही ग्वाही उन्हाळा उलटेपर्यंतही टिकली नाही. अशी दुरुस्ती झालेल्या दोन गाड्यांना आग लागली. त्यांपैकी एक व्हरमाँट राज्यात, १ जुलै रोजी. १४ जुलैला ती सूचना निघाली : गाडी बाहेर ठेवा, रात्री चार्ज करू नका. २३ जुलैला त्याच गाड्यांचा दुसरा रिकॉल जाहीर झाला. ज्यांनी सांगितलेले सारे वेळेवर केले होते, सर्व्हिस सेंटरला खेप घालून सॉफ्टवेअर बसवून घेतले होते, त्यांच्या दृष्टीने हा आघात आगीच्या भीतीहून मोठा होता. ‘दुरुस्त झाली’ या शब्दावरचा त्यांचा विश्वास उडाला.

१६/
२० ऑगस्ट २०२१ रोजी रिकॉलची व्याप्ती आणखी वाढली. २०२२ पर्यंतच्या सर्व बोल्ट आणि तिची थोरली बहीण बोल्ट ईयूव्ही त्यात आली. एकूण संख्या सुमारे १,४२,००० झाली. म्हणजे त्या घटकेपर्यंत बनलेली जवळजवळ प्रत्येक बोल्ट. कारणही आता स्पष्ट झाले होते. सेलमधील ऋण बाजूची पट्टी फाटलेली आणि पडद्याला घडी पडलेली, हे दोन दोष एकाच सेलमध्ये एकत्र आले तर आगीचा धोका वाढतो. असे सेल ओचांगबाहेरील एलजीच्या कारखान्यांतूनही आले होते.

१७/
मालकांना मिळालेल्या सूचनांचा हिशेब मांडून पाहावा. ९० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका : ३८३ किलोमीटरचे झाले ३४५. शिल्लक पल्ला ११३ किलोमीटरच्या खाली जाऊ देऊ नका : उरले सुमारे २३२. म्हणजे पैसे मोजले ३८३ किलोमीटरच्या गाडीचे आणि वापरता आली त्याच्या साठ टक्के. त्यातही थंडीत बॅटरीचा पल्ला आणखी घटतो. लांबच्या प्रवासासाठी घेतलेली गाडी अशा रीतीने पुन्हा गावातल्या गावात फिरण्यापुरती उरली.

१८/
ज्यांच्या घराला अंगण होते त्यांनी गाडी अंगणात काढली. पण जे सदनिकांच्या इमारतीत, तळघरातील वाहनतळावर गाडी लावत, त्यांनी काय करायचे? सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने इतर वाहनांपासून ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर, अंतर राखण्याचा सल्ला दिला. गजबजलेल्या शहरात एवढी मोकळी जागा कोठून आणावी? काही वाहनतळांवर बोल्टला मज्जाव करणारे फलक लागले. ज्या गाडीमुळे शेजारी कौतुकाने चौकशी करत, तीच आता शेजाऱ्यांच्या धास्तीचा विषय झाली.

१९/
आणि हे सारे मोजक्या आगींसाठी. सव्वा लाखाहून अधिक गाड्यांपैकी अगदी थोड्या जळाल्या. बहुसंख्य मालकांच्या बॅटरीत बहुधा काहीच बिघाड नव्हता. पण आपली गाडी त्या बहुसंख्यांत आहे की अल्पसंख्यांत, हे सांगण्याचे साधन कोणाकडेच नव्हते. सैल खिळा कारागीर डोळ्यांनी पाहतो, झिजलेला ब्रेक हाताला कळतो. बंद सेलमधील घडी मात्र सेल फोडल्यावाचून दिसत नाही.

२०/
इथेच जुन्या कायद्याची चौकट तोकडी पडली. १९६६ आणि १९७४ चे कायदे झाले तेव्हा दोष म्हणजे दाखवता येणारी, बदलता येणारी वस्तू होती. बोल्टचा दोष संभाव्यतेच्या रूपात होता. उपाय सापडेपर्यंतची सारी जोखीम मालकावर आली. चार्जिंगचे आकडे पाहायचे, रात्री उठून प्लग काढायचा, गाडी बाहेर न्यायची : कंपनीच्या चुकीवर पहारा करण्याचे काम मालक महिनोन्‌महिने करत राहिला. त्या श्रमांची तरतूद कोणत्याही कलमात नव्हती.

२१/
तरीही कायदा निष्प्रभ नव्हता. कंपनीच्या स्मृतीत २०१४ ताजे होते. इग्निशन स्विचमधील दोष वर्षानुवर्षे दडून राहिल्याने २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या आणि कंपनीच्याच भरपाई योजनेने १२४ मृत्यू मान्य केले होते. या वेळी तिने ऑगस्ट २०२१ मध्ये बोल्टची विक्री आणि निर्मिती थांबवली. रिकॉलचा खर्च सुमारे १८० कोटी डॉलर अंदाजला गेला. ऑक्टोबरमध्ये एलजीने १९० कोटी डॉलरपर्यंतची भरपाई देण्याचे मान्य केले.

२२/
त्याच महिन्यापासून नव्या बॅटऱ्या येऊ लागल्या. प्राधान्य जुन्या, २०१७ ते २०१९ च्या गाड्यांना मिळाले. त्यांची संपूर्ण बॅटरी बदलण्यात आली, तीही ६६ किलोवॅट-तासांची, आणि नव्या बॅटरीवर आठ वर्षांची हमी. पल्ला ३८३ वरून ४१७ किलोमीटरवर गेला. चार वर्षे वापरलेली गाडी नव्याहून सरस होऊन घरी आली. आपल्या हक्काच्या गाडीपासून वंचित झालेल्या ईव्ही१ चालकांना ही बातमी वाचताना काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

२३/
२०२० ते २०२२ च्या गाड्यांच्या मालकांचे दैव इतके उदार नव्हते. त्यांच्यापैकी बहुतेकांना जून २०२३ मध्ये पुन्हा सॉफ्टवेअरच मिळाले. सुमारे १०,००० किलोमीटर अंतर गाडी ८० टक्के चार्जवर चालवायची. त्या काळात दोष आढळला तर बॅटरी बदलून मिळणार, न आढळला तर मर्यादा आपोआप उठणार. वर्षाच्या अखेरीस हे सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांना १,४०० डॉलर देऊ करण्यात आले. पुढे २०२४ मध्ये मालकांच्या सामूहिक दाव्यात १५ कोटी डॉलरची तडजोड झाली.

२४/
काही मालकांनी याहून निराळा मार्ग निवडला. अमेरिकेच्या राज्यांमध्ये ‘लेमन लॉ’ नावाचे कायदे आहेत. वारंवार प्रयत्न करूनही दुरुस्त न होणारी नवी गाडी उत्पादकाला परत घ्यायला लावणारे. त्यांचा आधार घेऊन अनेकांनी कंपनीला बोल्ट परत विकली. एकाच रिकॉलमधून कोणी नवी बॅटरी घेऊन, कोणी सॉफ्टवेअर घेऊन, तर कोणी पैसे घेऊन बाहेर पडले. निवड काही अंशी तरी त्यांच्या हाती होती, कारण गाडीच्या कागदावर त्यांचे नाव होते.

२५/
हा प्रश्न लवकरच महाराष्ट्राच्याही दारात आला. २६ मार्च २०२२ रोजी पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याच्या कडेला उभी असलेली ओलाची इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. तिची चित्रफीत देशभर पसरली. एप्रिलमध्ये ओलाने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. त्याच महिन्यात ओकिनावाने ३,२१५ स्कूटर परत मागवल्या. बोल्ट भारतात कधी विकली गेली नाही, पण तिच्या मालकांना पडलेला प्रश्न आता इथल्या स्कूटरमालकांनाही पडला : बंद डब्यात काय आहे, हे आपल्याला कोण सांगणार?

२६/
भारतात रिकॉलला कायद्याचा स्पष्ट आधार मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम ११०-अ आणले. त्यानुसार सरकार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते आणि उत्पादकाला पैसे परत करणे, वाहन बदलून देणे किंवा दुरुस्त करणे भाग पडते. संबंधित नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आगींच्या मालिकेनंतर बॅटरी सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानकही कडक झाले. ही मानके प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातीलच. तिची स्थापना १९६६ ची, अमेरिकेच्या मोटार सुरक्षा कायद्याचे वर्षही तेच.

२७/
२००० आणि २०२१ हे दोन रिकॉल शेजारी ठेवून पाहिले की फरक लख्ख दिसतो. कंपनी तीच, भीती तीच, गाडीही विजेवरचीच. पहिल्या वेळी चालकांपाशी फक्त करार होता, म्हणून गाडी गेली ती गेलीच. दुसऱ्या वेळी त्यांच्यापाशी मालकी होती, म्हणून कंपनीला शेकडो कोटी डॉलरची तजवीज करून नवी बॅटरी त्यांच्यापर्यंत आणावी लागली. नेडरच्या पिढीने मिळवलेला हक्क वाहून नेण्यासाठी मालकाचा हात लागतो.

२८/
आज बॅटरी भाड्याने देण्याच्या योजना भारतातही रुजत आहेत. गाडी ग्राहकाची, बॅटरी कंपनीची. किंमत कमी होते, हा त्यांचा खरा लाभ. पण इलेक्ट्रिक वाहनात सर्वांत महाग आणि सर्वांत धोक्याचा भाग बॅटरीच असतो. तो ज्याच्या नावावर, रिकॉलच्या दिवशी शब्दही त्याचाच चालण्याची शक्यता अधिक. पुढल्या वेळी करारावर सही करताना त्यातील हे कलम आधी वाचावे. बरबँकच्या फाटकाबाहेर बसलेल्यांना ते फार उशिरा उमगले होते.